डॅशबोर्डवरचे जादा काटे

फोर्डच्या पिकअपमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक बदल झाला आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताही लागला नाही. ऑइल प्रेशरचा काटा डॅशबोर्डवर होता तिथेच राहिला. मात्र इंजिनवरचा दाब मोजणारा सेंडर काढून त्याच्या जागी साधा स्विच बसवला गेला. तेलाचा दाब साधारण सहा पीएसआयच्या वर गेला की स्विच लागतो, काटा मधोमध येतो आणि तिथेच उभा राहतो. दाब दहा असो की साठ, काटा हलत नाही. तो हलतो तेव्हा बेअरिंगांना तेल मिळणे जवळजवळ बंद झालेले असते. दिसायला गेज, काम मात्र लाल दिव्याचे.

पाण्याच्या तापमानाच्या काट्याची गतही फारशी वेगळी नाही. अनेक कंपन्यांनी तो मुद्दाम मंद करून टाकला आहे. इंजिनातले पाणी ८५ अंश सेल्सियसवर असो की १०५ वर, काटा मध्यावरच. यामागे कंपन्यांचे एक गणित आहे. चढाला काटा जरा वर सरकला की घाबरलेले गिऱ्हाईक डीलरकडे धावते, डीलर तपासतो, बिघाड काहीच निघत नाही आणि सगळ्यांचाच वेळ जातो. त्यापेक्षा काटा हललाच नाही तर बरे. रोज ऑफिसला जाणाऱ्या मोटारीत हे खपून जाते. पण ज्या पिकअपच्या मागे घोड्यांचा ट्रेलर, बोट किंवा पाच-सहा टनांचे फिरते घर जोडलेले आहे आणि समोर रॉकी पर्वताचा घाट आहे, तिच्या चालकाला "अजून बिघडलेले नाही" एवढीच माहिती पुरत नाही. बिघाडाकडे किती वेगाने चाललो आहोत, हे त्याला कळायला हवे असते. अमेरिकेत पिकअपच्या आत बाहेरून विकत घेतलेली गेज बसवण्याची जी मोठी परंपरा आहे, ती या गरजेतून वाढली.

सुरुवात त्याहून जुनी आहे. काट्याऐवजी दिवे देण्याची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात हडसन कंपनीने आणली आणि पुढे स्वस्त पडते म्हणून ती सर्वत्र पसरली. शिकागोच्या स्ट्यूअर्ट-वॉर्नरची गेज तेव्हाही दुकानात मिळत होती. १९५७ साली ऑटो मीटर सुरू झाली आणि शर्यतीच्या गाड्यांमधून तिचे नाव झाले. डिझेल ट्रकवाल्यांमध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या इस्प्रोचे नाव आदराने घेतले जाते. मात्र पिकअपच्या आतल्या जादा गेजांना खरा जोर आला तो १९८९ नंतर. त्या वर्षी डॉजने आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो डिझेल इंजिन बसवले. शक्ती १६० अश्वशक्ती आणि टॉर्क ४०० पाउंड-फूट. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील, पण हे इंजिन मुळात ट्रक आणि शेती-बांधकामाच्या यंत्रांसाठी घडवलेले होते आणि इंधनाच्या पंपाला थोडा हात लावला की ते कितीतरी जास्त ताकद देत असे. या घराण्याची इंजिने आपल्याकडेही परकी नाहीत. टाटा आणि कमिन्स यांच्या भागीदारीतून ती भारतात बनू लागली, टाटाच्या ट्रकांत बसली आणि पुढे फलटणलाही त्यांचा कारखाना आला. महामार्गावरच्या गॅरेजमधला मिस्त्री "कमिन्स इंजिन" म्हणतो तेव्हा अमेरिकेतल्या त्या रॅमच्या भावकीबद्दलच बोलत असतो.

फोर्डने १९९४ मध्ये ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक आणले, जनरल मोटर्सने २००१ मध्ये ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स. तिन्ही कंपन्यांत ताकदीची चढाओढ लागली आणि त्यावर जास्तीची ताकद काढून देणाऱ्या ट्यूनरांचा बाजार उभा राहिला. डिझेल इंजिनात ताकद वाढवायची म्हणजे इंधन जास्त ओतायचे. जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता. ती किती, हे सांगणारे एकही साधन कंपनीच्या डॅशबोर्डवर नव्हते.

म्हणून डिझेलवाल्यांच्या यादीत पहिले नाव पायरोमीटरचे, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचे तापमान सांगणाऱ्या गेजचे. त्याची करामत १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाने दाखवून दिलेल्या परिणामावर चालते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापवले की दुसऱ्या टोकांमध्ये विजेचा अगदी बारीक दाब तयार होतो. या कामासाठी क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंची, "के" प्रकारची जोडी वापरतात. ती एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. धूर ६५० अंशांना पोचला तरी मिळणारा दाब २७ मिलिव्होल्टच्या आसपास. एवढ्या क्षीण संकेताला वाटेत कुठेही दगा चालत नाही. तार लांब पडली म्हणून कापून मध्ये तांब्याचा तुकडा जोडला की त्या जोडावर आणखी एक तापमान मिसळते आणि गेज खोटे बोलू लागते. रंगांचाही घोटाळा होतो. अमेरिकी प्रमाणानुसार या जोडीत पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. आयुष्यभर लाल म्हणजे धन असे मानणारा चांगला वायरमनसुद्धा इथे उलटे जोडून बसतो.

तारांचे तापणारे टोक ज्यात असते तो प्रोब बसवायचा कुठे, यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे आणि मला तो सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये बसवला तर सिलिंडरातून नुकत्याच निघालेल्या धुराचे तापमान मिळते. टर्बोच्या पलीकडे, पाइपात बसवला तर टर्बोने आपल्या कामासाठी उष्णता खाऊन झालेली असते आणि ओझ्याखाली आकडा दोनशे-तीनशे अंश फॅरेनहाइटने कमी दिसतो. हा फरकही ठरलेला नसतो. ओझे, वेग आणि उंची यांप्रमाणे तो बदलत राहतो. बहुतेक जाणकार मॅनिफोल्डमध्ये सतत १२५० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ६७७ सेल्सियस, ही मर्यादा धरतात. अ‍ॅल्युमिनियम ६६० सेल्सियसला वितळते. पिस्टन त्याच धातूचे असतात. धुराचा आकडा तिथे पोचला की पिस्टन लगेच वितळत नाही, कारण खालून तेलाचा फवारा आणि प्रत्येक फेरीत आत येणारी ताजी हवा त्याला थंड करत असते. पण तिथे बराच वेळ रेंगाळलात तर मग भरवसा देता येत नाही.

मॅनिफोल्डला भोक पाडायला लोक घाबरतात. त्या भीतीपोटी प्रोब टर्बोच्या पलीकडे बसवतात आणि वाचवायचे असते त्या जागेपासून दूर गेलेला आकडा वर्षभर बघत राहतात. ताकद वाढवलेल्या गाडीत ही तडजोड मला मान्य नाही. भीती खोटी नाही, हेही तितकेच खरे. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. ड्रिलचा किस आत पडला तर तो धुराबरोबर थेट टर्बोच्या पात्यांवर जातो आणि ती पाती मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरत असतात.

काम नीट कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. इंजिन थंड असते. आधी पंचने खूण, मग बारीक बिटने सुरुवात आणि शेवटी अकरा-बत्तिसांश इंचाचा, म्हणजे पावणेनऊ मिलिमीटरच्या जवळपासचा बिट. बिटच्या खाचांत ग्रीस दाबून भरलेले असते. थोडे कापायचे, बिट बाहेर काढायचा, किस चिकटलेले काळे ग्रीस पुसायचे, नवे भरायचे. भोक आरपार जाण्याच्या बेताला आले की हातावरचा जोर अगदी कमी करायचा. मग एक-अष्टमांश इंची पाइपचे आटे पाडायचे. ते निमुळते असतात, त्यामुळे टॅप शेवटपर्यंत घुसवायचा नाही. घुसवला तर प्रोबचे नटबोळे पुढे कधीच घट्ट बसत नाही. बीड लोहचुंबकाला लागते, म्हणून शेवटी बारीक चुंबक आत फिरवून उरलेला किस टिपून घेतात. काही मिस्त्री इंजिन मंद चालू ठेवून भोक पाडतात, म्हणजे आतल्या धुराच्या दाबाने किस बाहेर फेकला जातो. ही रीत चालते, पण गरम किस थेट तोंडावर येतो, तेव्हा चष्म्याशिवाय ती करू नये. सर्वात निर्धास्त रस्ता म्हणजे टर्बो उतरवून ठेवणे. वेळ जास्त जातो, झोप शांत लागते.

जागेबद्दल आणखी एक बारकावा. रॅमच्या कमिन्समध्ये पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांचा धूर मॅनिफोल्डच्या वेगळ्या कप्प्यांतून टर्बोकडे जातो. प्रोब एका कप्प्यात असेल तर उरलेल्या तीन सिलिंडरांबद्दल तो काहीच सांगत नाही. व्ही-आठ इंजिनात दोन बाजूंना दोन मॅनिफोल्ड, तेव्हा तिथे तर अर्धे इंजिन नजरेबाहेर. म्हणजे गेज कितीही भारी घेतले तरी ते सेंडर जिथे बसला त्या एका बिंदूचीच साक्ष देते. डायलवर शेकडो डॉलर खर्च करणारा माणूस सेंडरच्या जागेवर दहा मिनिटे विचार करत नाही, हे मी फार पाहिले आहे. या विषयात मला एकच गोष्ट पटवून द्यायची असेल तर ती ही.

पायरोमीटरच्या शेजारी बूस्ट गेज असावे, कारण दोघे मिळून जे सांगतात ते एकटे सांगू शकत नाहीत. टर्बो इंजिनात हवा किती दाबाने ढकलतो आहे हे बूस्ट सांगते. मूळ स्थितीतल्या ५.९ कमिन्समध्ये पूर्ण ओझ्याला तो दाब वीस पीएसआयच्या आसपास असतो. नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा कमी बूस्ट आणि जास्त धूर-तापमान दिसले तर हवा कुठेतरी गळते आहे. बहुतेक वेळा इंटरकूलरची रबरी नळी निसटलेली किंवा फाटलेली असते. उंचीचा परिणामही इथे दिसतो. कोलोरॅडोतला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी अकरा हजार फुटांच्या वर जातो. तिथे हवा विरळ, म्हणून तेवढ्याच इंधनाला तापमान जास्त. चालकाने अशा वेळी पाय थोडा सैल करून गिअर खाली घ्यायचा. फेऱ्या वाढतात, हवा जास्त येते, प्रत्येक ठोक्यामागचे इंधन कमी होते आणि काटा खाली येतो. ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही. काटा उतरताना पाहिला की कायमची पटते.

इंधनाच्या दाबाचे गेज बूस्टच्या मानाने दुर्लक्षित आहे, आणि एका विशिष्ट गाडीत तेच सर्वात मोलाचे. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या रॅममध्ये बॉशचा व्हीपी-४४ हा इंजेक्शन पंप होता. त्याला थंड ठेवण्याचे आणि वंगण देण्याचे काम त्यातून वाहणारे डिझेलच करते. लागते त्यापेक्षा जास्त डिझेल त्यात येते आणि उरलेले उष्णता घेऊन टाकीत परत जाते. हे डिझेल पुरवणारा छोटा विजेवरचा लिफ्ट पंप कंपनीने इंजिनच्या अंगावर, टाकीपासून दूर बसवला होता. असे पंप ढकलायला चांगले, ओढायला कच्चे. ते लवकर दम तोडत. गोम अशी की लिफ्ट पंप मेला तरी व्हीपी-४४ स्वतः थोडे डिझेल खेचून घेतो आणि गाडी चालत राहते. चालकाला काहीच जाणवत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. आत मात्र पंप कोरडा घासला जात असतो आणि पुढे कधीतरी हमरस्त्यावर गाडी बंद पडते. नवा पंप हजार डॉलरच्या वर. दहा पीएसआयच्या खाली दाब जाऊ देऊ नये हा या गाड्यांच्या मालकांत रुळलेला नियम, आणि तो पाळायचा तर गेजशिवाय गत्यंतर नाही.

हे गेज बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डिझेलची नळी केबिनच्या आत कधीही आणायची नाही. यांत्रिक गेज हवे असेल तर मध्ये विलगक बसवून आत फक्त निरुपद्रवी द्रव आणायचा, नाहीतर सरळ विजेवरचा सेंडर घ्यायचा. दुसरे, इंजेक्शन पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नळीतल्या डिझेलला धक्का बसतो. सेंडर थेट पंपाजवळ स्क्रू केला तर हे धक्के खाऊन तो थोड्याच दिवसांत मरतो. वाटेत रबरी नळीचा तुकडा आणि अर्धवट मिटलेली सुई-चावी ठेवली की धक्के विरतात आणि काटाही थरथरत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान हे ट्रेलर ओढणाऱ्याच्या कामाचे, मग इंजिन पेट्रोलचे असो की डिझेलचे. टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसताना चढावर जी घसरण होते ती सगळी उष्णता या तेलात जाते. तेल ८० अंश सेल्सियसच्या आसपास राहिले तर ते दीर्घायुषी ठरते. १०५-११० च्या पुढे गेले की ते झपाट्याने म्हातारे होते आणि त्याहूनही बरेच तापले तर क्लचच्या थाळ्या जळू लागतात. इथेही जागेचा प्रश्न आहेच. सेंडर कूलरकडे जाणाऱ्या गरम नळीत असेल तर काटा क्षणात उसळतो आणि नवखा घाबरतो. पॅनमध्ये असेल तर कूलरमधून फिरून आलेल्या तेलाची सरासरी दिसते आणि काटा संथ चालतो. दोन्ही आकडे खरे आहेत. आपला सेंडर कुठे आहे हे विसरून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करणे तेवढे चूक.

तेलाचा दाब आणि बॅटरीचा व्होल्टेज यांबद्दल थोडक्यात. दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय हा तेलाच्या दाबाचा जुना ठोकताळा अजून कामाचा आहे. यांत्रिक गेजची नायलॉनची नळी मात्र टाळावी. ती पिचली तर गरम तेल पायावर येते. जुन्या डॉज पिकअपमध्ये गाडीचा सगळा चार्जिंगचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून फिरून जात असे, आणि त्या वाटेतले जोड तापून जळाल्याची उदाहरणे विपुल आहेत. तिथे अ‍ॅमीटर वगळून व्होल्टमीटर बसवणे ही सुरक्षेची दुरुस्ती आहे. बंद गाडीत १२.६, चालू गाडीत १३.८ ते १४.४ दिसले की बाकी काही पाहायचे नाही.

आता प्रश्न गेज आत कुठे बसवायचे हा. बहुतेक गेज ५२ मिलिमीटर व्यासाची असतात, शर्यतवाल्यांना ६७ मिलिमीटरची आवडतात. अनेक वर्षे सर्वांची लाडकी जागा म्हणजे समोरच्या काचेच्या कडेचा खांब. त्या खांबाच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर दोन-तीन गोल कप्प्यांचे दुसरे आवरण चढवायचे आणि त्यात गेज खोचायची. नजर रस्त्यावरून फारशी हटत नाही, वायरी आवरणामागे लपतात, डॅशबोर्ड फोडावा लागत नाही. १९९० च्या दशकातल्या गाडीत याहून चांगली जागा नाही, असे मीही म्हणेन.

पण नव्या गाड्यांत ही जागा धोक्याची झाली आहे. अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेने जाते आणि तिचे पुढचे टोक या खांबात असते. प्रवासी खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये यासाठी अमेरिकेने २०११ मध्ये सुरक्षा नियम क्रमांक २२६ केला आणि २०१३ ते २०१७ या काळात तो टप्प्याटप्प्याने ४,५३६ किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांना लागू झाला. त्यानंतर अशा पडदा-एअरबॅग पिकअपमध्ये सर्रास आल्या. एअरबॅग फुगताना खांबाचे आवरण ठरल्याप्रमाणे सुटावे लागते. त्यावर स्क्रूने गेजचे ओझे लावले तर एक तर एअरबॅग अडते, नाहीतर काच आणि धातूची ती गोल डबी चालकाच्या डोक्याच्या दिशेने सुटते. आवरणावर एअरबॅगची खूण असेल तर तिथे गेज बसवूच नयेत, या बाबतीत मला कसलीही सूट मंजूर नाही. डॅशबोर्डच्या माथ्यावरचा कप्पा, स्टिअरिंगच्या दांड्यावरची कड, आरशाच्या वरची पट्टी अशा दुसऱ्या जागा आहेत. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांच्या आसपास काम करताना बॅटरी सोडून ठेवायची आणि त्यांना हात लावायचा नाही.

वायरिंग अवघड नसते, ते आळसाने बिघडते. गेजला तीन गोष्टी लागतात: चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्टचा पुरवठा, भक्कम अर्थिंग आणि डॅशबोर्डच्या दिव्यांची तार. पुरवठ्याला स्वतःचा छोटा फ्यूज हवा. फ्यूजबॉक्समध्ये जादा फ्यूजची जोडणी खोचून तो घेता येतो, कुठलीशी वायर सोलून नव्हे. इंजिनच्या बाजूकडून केबिनमध्ये येणारी प्रत्येक वायर पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेटमधूनच यावी, नाहीतर पत्र्याची धार महिन्या-दोन महिन्यांत इन्सुलेशन कापते. एकच तार असलेल्या सेंडरचे अर्थिंग त्याच्या आट्यांतून होते. तिथे गळती नको म्हणून टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली तर अर्थिंगच तुटते आणि काटा भलतेच दाखवतो. नव्या गाड्यांत डॅशबोर्डचे दिवे मंद करण्यासाठी वीज फार वेगाने चालू-बंद केली जाते. जुन्या पद्धतीची गेज त्या तारेला जोडली तर ती लुकलुकतात.

गेजच्या आतल्या यंत्रणेबद्दल एवढे सांगितले पाहिजे की १८४९ साली फ्रान्समध्ये बूर्दोंने पेटंट घेतलेली वाकडी नळी आजही यांत्रिक दाब-गेजांत चालते आणि तिला वीज लागत नाही. विजेवर चालणाऱ्या स्वस्त गेजांचा काटा पाव वर्तुळात फिरतो आणि तो वाचायला बरा नाही. स्टेपर मोटरची गेज पाऊण वर्तुळात फिरतात, अचूक असतात आणि केबिनमध्ये द्रव आणत नाहीत. पैसे असतील तर तीच घ्यावीत.

या सगळ्याला गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोठा पर्याय उभा राहिला आहे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारी आणि हलक्या ट्रकांत ओबीडी-दोन हा निदानाचा सॉकेट आला. स्कॅनगेज किंवा एजसारखा छोटा पडदा तिथे खोचला की गाडीच्या संगणकाला जे माहीत आहे ते अंकांत दिसते. भोक नाही, टॅप नाही, वायर नाही. याचे सर्वात चांगले उदाहरण फोर्डचे २००३ ते २००७ मधले ६.० लिटरचे पॉवर स्ट्रोक. त्याच्या ऑइल कूलरच्या बारीक वाटा गाळाने बुजत. पाणी कमी वाहिले की पुढचा, इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा ईजीआर कूलर तडकत असे आणि खर्च हजारोंत जाई. गाडीच्या संगणकाकडे तेलाचे आणि पाण्याचे तापमान वेगवेगळे होतेच. गरम इंजिनवर, हमरस्त्याच्या वेगाला त्या दोघांत १५ अंश फॅरेनहाइटपेक्षा जास्त अंतर पडू लागले की कूलर बुजत चालला, हे मालकांनी शोधून काढलेले लक्षण. डॅशबोर्डवरचा काटा त्या काळात निवांत मधोमध उभा असे.

२००७ नंतरच्या डिझेल पिकअपमध्ये धुरातली काजळी पकडणारे गाळण आले. ते साफ करण्यासाठी गाडी मधूनमधून धूर मुद्दाम तापवते. पडदा असेल तर काजळी किती साठली आणि सफाई चालू आहे का हे दिसते, आणि माणूस नेमक्या त्या वेळी इंजिन बंद करण्याचे टाळतो. हे गाळणच काढून टाकणारे ट्यूनरही याच पडद्यांच्या रूपात विकले गेले. गाळण असे काढणे अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे आणि लोकांच्या फुप्फुसांशी खेळ आहे. नुसते मोजणारे गेज मात्र पूर्ण कायदेशीर. वॉरंटीबद्दलही लोक उगाच धास्तावतात. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग बसवला एवढ्या कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावे लागते. अर्थात मॅनिफोल्डमध्ये किस पाडून टर्बो घालवला तर ते दाखवणे तिला मुळीच अवघड नाही.

पडद्याला मर्यादा आहे ती एकच, पण मूलभूत. जिथे कंपनीने सेन्सर दिलाच नाही तिथे पडदा काय दाखवणार? व्हीपी-४४ च्या गाडीत इंधनाचा दाब संगणकालाच ठाऊक नाही. शिवाय पडद्यावरचे अंक क्षणभर मागे असतात आणि चार अंक वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत चार काट्यांचा कल डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो. शर्यतवाले गेज फिरवून अशी बसवतात की सगळे ठीक असताना सर्व काटे एकाच दिशेला राहावेत. एखादा वाकडा दिसला की वाचायची गरजच नाही. ट्रेलर ओढणाऱ्यानेही हे उचलण्यासारखे आहे.

तेव्हा कोणी काय बसवावे? नवी पिकअप असेल तर आधी तिच्या स्वतःच्या पडद्याचे मेनू उघडून पाहावेत. गिअरबॉक्सचे तापमान, बूस्ट, तेलाचे तापमान बऱ्याच गाड्यांत आता अंकांत मिळते. ते पुरत नसेल तर सॉकेटमधला पडदा घ्यावा आणि खांबाला हात लावू नये. १९९४ ते २००७ मधली, ट्रेलर ओढणारी डिझेल गाडी असेल तर धूर-तापमान, बूस्ट आणि गिअरबॉक्स ही तीन गेज, प्रोब टर्बोच्या अलीकडे. ट्रेलर न ओढणाऱ्या, ताकद न वाढवलेल्या पेट्रोल पिकअपला खरा ऑइल प्रेशर आणि व्होल्टमीटर यांपलीकडे काही लागत नाही. बाकीची शोभा आहे, आणि शोभेसाठी इंजिनला भोके पाडू नयेत. गेज बसवल्यावर पहिला महिनाभर आकडे वहीत लिहून ठेवावेत: रिकामी गाडी, भरलेली गाडी, सपाट रस्ता, ओळखीचा चढ, सकाळची थंड सुरुवात. आपल्या गाडीचे नेहमीचे आकडे हाताशी नसतील तर वेगळा आकडा वेगळा आहे हे ओळखणार कसे? आणि १९९८ ते २००२ मधली रॅम अजून चालवत असाल व एकाच गेजचे पैसे असतील, तर पायरोमीटर थांबू शकतो. इंधनाच्या दाबाचे गेज आधी घ्या, सेंडर लिफ्ट पंपानंतर आणि व्हीपी-४४ च्या अलीकडे बसवा, मध्ये नळीचा तुकडा ठेवा आणि चढावर पूर्ण पाय दाबलेला असताना काटा दहाच्या वर राहतो का ते पाहा.